दोऱ्याचं प्यादं

"आठवड्यातून किती वेळा?"

बुद्धिबळाच्या वर्गाला मूल घेऊन येणारा प्रत्येक पालक चप्पल काढता काढता हे विचारतो. पोराला खेळ आवडतो का, हरल्यावर ते रुसून बसतं की पुन्हा सोंगट्या मांडायला घेतं, हे कोणी सांगत नाही. आठवड्यातून किती वेळा, आणि मग रेटिंग कधी वाढणार. पोराला शिकायला आणलंय की गाडी सर्व्हिसिंगला टाकलीय, हेच मला कळत नाही.

मी कुमुद आरवाडे. सांगलीत आमच्या इमारतीच्या गच्चीवर, पत्र्याच्या शेडखाली माझा वर्ग भरतो. माझं उत्तर वर्षानुवर्षं एकच आहे. नव्या मुलाला आठवड्यातून एकदा, रविवारी. जरा मुरलेल्या मुलाला फार तर दोनदा. मधल्या दिवसांत त्याने खेळावं, हरावं, शिकलेलं निम्मं विसरावं आणि डाव अंगाशी आला की धडपडत आठवावं. हे ऐकलं की पालकांची तोंडं पडतात. एवढ्याशाने काय होणार, असं त्यांना वाटतं. माझ्याकडे पुरावा नव्हता. होता तो नुसता अनुभव, आणि अनुभवाला विचारतं कोण!

मग मुरपट्टी आली.

हे नाव लोकांनी पाडलेलं. कंपनीचं लांबलचक इंग्रजी नाव कोणाच्या तोंडी बसलंच नाही. कपाळाला बांधायची मऊ कापडी पट्टी, आत बारीक संवेदक. तिच्यामागचं शास्त्र मला आवडलं होतं, आजही आवडतं. दिवसभरात जे जे नवं घडतं, त्याची मेंदूतला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग कच्ची नोंद ठेवतो. रात्री गाढ झोपेत तो त्या नोंदींची उजळणी करतो. दिवसा ज्या पेशी ज्या क्रमाने पेटल्या, त्याच पुन्हा त्याच क्रमाने, पण भराभर पेटतात. ज्याची उजळणी पुरेशी होते ते मेंदूच्या बाहेरच्या थरात कायमचं बसतं, बाकीचं पुसलं जातं. कवटीच्या बाहेरून इतक्या खोलवरचं ऐकू येणार नाही, असं पूर्वी समजत. नव्या संवेदकांनी ते जमवलं. शिकवणी चालू असताना पट्टी त्या लहरींचा ठसा घेते, आणि झोपेत तोच ठसा पुन्हा उमटतो का ते बघते. पुरेसा उमटला की सकाळी हिरवा दिवा, म्हणजे कालचा धडा मुरला, पुढचा द्या. नाहीतर पिवळा. थांबा.

पहिल्या वर्षी ही पट्टी माझ्याच बाजूने बोलली. बहुतेक मुलांचा धडा मुरायला आठवडाभर लागत होता. रोज शिकवणी लावलेल्या मुलांचे दिवे पिवळेच्या पिवळे. मी वर्गात मिरवून घेतलं. "बघा, मी काय सांगत होते!" म्हणून दोनचार पालकांना टोमणेही मारले. आठवड्यातून एकदा, असं आता यंत्रच म्हणत होतं.

पण पालकांना उत्तर नको होतं, वाढवून हवं होतं.

ते 'मुरब्बी' नावाच्या अकादमीने शोधून काढलं. धडा मुरायला आठवडा का लागतो? कारण झोपेतल्या उजळणीला रांग असते. मुलाने त्या दिवशी आणखी काय काय पाहिलेलं असतं. नवा रस्ता, मावशीचं लग्न, मित्राशी मारामारी, कुत्र्याची पिल्लं. ते सगळं रांगेत पुढे घुसतं, आणि उंटाची चाल बिचारी मागे राहते. मग रांगच मोडून टाकली तर? मुलाच्या दिवसात बुद्धिबळाशिवाय नवं असं काही घडूच दिलं नाही तर? औषध नाही, सुई नाही, कायद्यात बसणारं. अकादमीने त्याला नाव दिलं 'कोरा दिवस'. कोऱ्या दिवसाचा धडा एका रात्रीत मुरतो. मग रोज शिकवणी घेता येते. दोनदासुद्धा.

आणि हे खरं होतं. म्हणूनच तर मला त्याची शिसारी येते. खोटं असतं तर आपोआप मेलं असतं.

बघता बघता गावोगाव कोरी घरं झाली. भिंती पांढऱ्या, खिडक्यांना धुरकट काच. जेवायला रोज तेच, मऊ डाळभात. त्याला फोडणी नाही, कारण वास मेंदूत फार पटकन जाऊन बसतो. आईने रोज एकाच रंगाचा गाऊन घालायचा. जेवताना बोलायचं नाही. शाळा ऑनलाइन, तीही गेल्या वर्षीचीच पुस्तकं पुन्हा. पाहुणे बंद, सण बंद. पालकांच्या ग्रुपवर एकमेकांना शाबासक्या चालायच्या. आमचा महिनाभर कोरा आहे हो. आमची तर दिवाळीसुद्धा कोरी गेली, फटाक्यांचा आवाज येऊ नये म्हणून कानात बोळे घातले. खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग. मी तो ग्रुप वाचायचे आणि फोन उपडा ठेवायचे. पोरं जिंकत होती, हेही सांगते. पांढरीफटक, शांत पोरं स्पर्धेला यायची, डोळे न हलवता जिंकायची, आणि बक्षीस घेताना टाळ्या वाजल्या की दचकायची.

माझ्या धाकट्या भावाचं घर त्यातलंच एक.

अभिनंदन, आमचा अभी. आमच्या वडिलांनी, आण्णांनी, बुद्धिबळ मला शिकवलं. अभी तेव्हा बॅट घेऊन मैदानावर असायचा. घोडा कसा चालतो याच्यापुढे तो गेला नाही, आणि आण्णांनीही त्याला बळेच बसवलं नाही. पुढे त्याची मुलगी निहिरा पाचव्या वर्षी आण्णांच्या पटासमोर येऊन बसली आणि उठेचना, तेव्हा अभीच्या डोळ्यांत जे चमकलं ते मला आवडलं नव्हतं. आपल्या हातून निसटलेलं काहीतरी पोरीच्या हातून ओढून घ्यायचं, असं ते होतं.

आण्णा माझ्याकडे राहायचे. निहिरा संध्याकाळी जिना चढतानाच ओरडायची, "आण्णा, मी आलो!" आमच्याकडच्या पोरी अशाच बोलतात, आलो-गेलो. आण्णा जुन्या देशी पद्धतीचे खेळाडू. त्यात वजिराने नाहीतर हत्तीने मात करण्यात मोठेपणा नसतो. खरा मान प्याद्याने मात करण्याचा, प्यादेमातीचा. त्यातही पट्टीचा खेळाडू डाव सुरू होतानाच एका प्याद्याला दोरा बांधतो आणि समोरच्याला सांगून टाकतो, याच प्याद्याने मात करणार. मग ते प्यादं मारू द्यायचं नाही, बदलायचं नाही, डोळ्यांत तेल घालून जपायचं. वजीर गेला तरी चालेल. माझ्या शिवणाच्या डब्यातला निळा दोरा आण्णा त्यासाठी पळवायचे.

खेळताना त्यांची तोंडाची टकळी चालू. कृष्णेच्या पुरात म्हैस कशी वाहून गेली आणि अंकलीला कशी सापडली, त्यांच्या मास्तरांनी समोरच्याला बोलण्यात गुंतवून त्याचा वजीर कसा खाल्ला. निहिरा हसून हसून पटावर आडवी व्हायची. आणि तिथेच सगळं बिनसलं. कारण आण्णांकडे येऊन गेलेल्या प्रत्येक रात्री तिची पट्टी पिवळी व्हायची. म्हैस मुरायची, अकादमीचा धडा राहून जायचा.

अभीने तिचं येणं बंद केलं.

"अक्का, आण्णांना म्हणावं, वाईट वाटून घेऊ नका," तो मला जिन्यात म्हणाला. "वर्षभराचाच प्रश्न आहे. राष्ट्रीय स्पर्धा झाली की मग काय खेळायचं ते खेळू देत."

"नातीने आजोबाला भेटायचं नाही? कुठल्या डॉक्टरनं सांगितलं हे?"

"भेटू नये असं नाही गं. नवं काही व्हायला नको, एवढंच. त्यांच्या गोष्टी रोज नव्या असतात."

"मग जुन्या सांग म्हणू काय त्यांना?"

"चेष्टा करू नकोस," तो म्हणाला. मी चेष्टा करत नव्हते.

शेवटच्या भेटीत आण्णांनी निहिराबरोबर एक डाव मांडला. पांढरं आण्णांचं. घोड्यासमोरच्या प्याद्याला त्यांनी तिच्यादेखत निळा दोरा बांधला, आणि तो पट तिच्याबरोबर अभीच्या घरी गेला. दुसरा पट आण्णांच्या खाटेशेजारी. दिवसाला एक चाल, ती अभीच्या फोनवरून जायची आणि यायची. अकादमीच्या समुपदेशक बाईंनी परवानगी दिली. रोज तेच, शिवाय बुद्धिबळच, म्हणजे कोऱ्यात बसतं, असं त्यांचं मत पडलं. आण्णांच्या आयुष्यात नात म्हणून एवढंच उरलं, दिवसाकाठी एक चाल. ते सकाळी आंघोळ करून, शर्टाची बटणं लावून पटासमोर बसायचे, जणू ती समोर येणारच आहे.

हिवाळ्यात त्यांच्या छातीचं दुखणं वाढलं आणि त्यांना मिरजेला दवाखान्यात हलवलं. तिथेही चाल चुकली नाही. नाकात नळी असताना मला बोटाने दाखवायचे, उंट, इकडे. डावात त्यांचं पारडं जड होतं, त्यामुळे खूश होते. "तिला सांग, दोरा बघून ठेव म्हणावं," असं म्हणायचे.

मंगळवारी पहाटे आण्णा गेले.

दवाखान्याच्या आवारात, चहाच्या गाड्यामागे उभं राहून अभी रडला. खरं रडला, हे मी नाकारत नाही. मग रुमालाने नाक पुसून म्हणाला, "अक्का, निहिराला आत्ता सांगायचं नाही."

"म्हणजे?"

"स्पर्धा तीन आठवड्यांवर आली. मी बाईंशी बोललो. जवळचं माणूस गेलं की मुलांची झोप महिनामहिना त्यातच जाते. एक धडा मुरत नाही. वर्षभराचं सगळं पाण्यात जाईल गं."

"तू कधी बोललास बाईंशी?"

त्याने रुमालाची घडी घातली. आण्णा जिवंत असतानाच बोलून ठेवलं होतं त्याने. बाप आत शेवटचे श्वास मोजत होता आणि मुलाने त्याचं मरण कोणत्या आठवड्यात परवडेल ते विचारून घेतलं होतं. हातातला चहा मी तिथेच ओतून टाकला.

"आणखी एक," तो खाली मान घालून म्हणाला. "आण्णांची चाल रोज जाते. ती थांबली तर तिला कळेल. तुला त्यांचा खेळ माहीत आहे. तू पाठवतीस का त्यांच्या नावानं?"

"अभ्या, आण्णा अजून आत आहेत. त्यांचं अंग गार पडलं नाही अजून."

"पोरीसाठी म्हणतोय मी."

"पोरीचं नाव घेऊ नकोस. मेलेल्या माणसाचा हात धरून मी सोंगट्या हलवणार नाही. तुझी किळस येतीय मला."

त्याने पुन्हा विचारलं नाही. अंत्यसंस्काराला निहिरा नव्हती. रक्षाविसर्जनाला नव्हती. माझी भावजय पल्लवी आली, कोऱ्या घराचा तो राखाडी गाऊन बदलून साडी नेसलेली, आणि नदीवर माझा हात घट्ट धरून उभी राहिली. त्या संध्याकाळी मी अभीच्या सोसायटीच्या फाटकावर गेले. वॉचमनने मला नीट ओळखलं आणि तरी आत सोडलं नाही. साहेबांनी सांगून ठेवलंय म्हणाला. बाहेर रस्त्यावर तमाशा करून पोरीच्या कानावर ती बातमी घालावी, एवढा निगरगट्टपणा माझ्यात नव्हता. तशीच परत आले आणि आण्णांच्या खाटेशेजारच्या पटावर फडकं टाकून ठेवलं.

स्पर्धेला आठवडा राहिला असताना अभीचाच फोन आला. आवाजात घाबरगुंडी.

"अक्का, येऊन बघशील का? निहिरा चुकायला लागलीय."

"पट्टी काय म्हणतीय?"

"हिरवी. रोज हिरवी. इतकी छान कधीच नव्हती. पण आण्णांच्या डावात एक प्यादं तिला फुकट मिळालंय आणि ती ते घेतच नाही. मशीन रोज दाखवतंय, चूक, चूक, चूक. बाई म्हणतात त्यांना कळत नाही. तिला विचारावं, तर म्हणते तसंच बरं आहे."

"आण्णांच्या डावात म्हणजे?" मी विचारलं. "चाली कोण पाठवतंय?"

"अकादमीचं मशीन."

फोन ठेवून द्यावा असं वाटलं. पण फाटक उघडत होतं, आणि ते पुन्हा उघडलं नसतं. येते म्हणाले.

"तिला काही सांगायचं नाही. शब्द दे," अभी म्हणाला.

"मी आपणहून सांगणार नाही," म्हटलं.

त्या घरात पाऊल टाकलं आणि पहिल्यांदा जाणवलं ते हे, की घराला वास नाही. माणसाच्या घराला वास असतो. कांद्याचा, तेलाचा, ओल्या टॉवेलचा, कसला तरी. तिथे नुसती हवा होती. पल्लवी राखाडी गाऊनमध्ये पाण्याचा पेला घेऊन आली आणि डोळ्यांनीच बस म्हणाली. ही बाई लग्न होऊन आली तेव्हा भाकरी थापता थापता गायची. शेजारणी खिडकीशी येऊन ऐकायच्या.

निहिरा आतल्या खोलीत पटासमोर बसली होती. मला बघून तिचे डोळे क्षणभर मोठे झाले, मग तिने ते लगेच आवरले. नऊ वर्षांच्या पोरीने चेहरा असा आवरलेला मी कधी पाहिला नव्हता. "आत्या," एवढंच म्हणाली. आलो-गेलो करत जिना दणाणून सोडणारी पोर ती!

मग मी पटाकडे पाहिलं.

निळ्या दोऱ्याचं प्यादं पट निम्मा ओलांडून पुढे, उघडं उभं होतं. निहिराचा हत्ती समोर, मध्ये एक सोंगटी नाही. कोणाचा आधार नाही. हात पुढे केला की मेलं. आणि अभीच्या फोनवर मागच्या चाली बघितल्या तर तिचा राजा एक घर पुढे, एक घर मागे.

"हे असं कधीपासून आहे?" मी दारात उभ्या असलेल्या अभीला विचारलं.

"बुधवारपासून. म्हणजे त्या... त्याच्या दुसऱ्या दिवसापासून." मग हलक्या आवाजात समजावून सांगायला लागला. डावाचा निकाल लागला तर तीसुद्धा नवी घटना, म्हणून डाव लांबवायची सूचना मशीनला दिलेली. आण्णांचं पारडं जड होतं, म्हणून मशीनने बरोबरी करायला एक प्यादं सोडून दिलं. "त्यातल्या त्यात बिनकामाचं होतं ते," अभी म्हणाला. "कडेकडचं."

"त्याला दोरा बांधलेला दिसला नाही तुला?"

"दोरा? आण्णा पोरांना रमवायला बांधायचे तो?"

आण्णांच्याच घरात, आण्णांच्याच पटाच्या बाजूला हा माणूस लहानाचा मोठा झाला. पंधरा रुपयांच्या रबरी चेंडूसाठी भांडायचा तेव्हासुद्धा कानावर पडत होतं की दोऱ्याचं प्यादं म्हणजे दिलेला शब्द. आणि यंत्राला कोणी सांगितलं नव्हतं. त्याने सगळं मोजलं आणि नेमकं तेच टाकून दिलं, जे आण्णांनी मरेपर्यंत सोडलं नसतं.

मी निहिरासमोर, आण्णांच्या बाजूला बसले. काही बोलले नाही. शब्द दिला होता.

तिने प्याद्याकडे बोट केलं. मग म्हणाली, "आत्या, दोऱ्याचं प्यादं आण्णा देत नाहीत."

"नाही देत."

"मग मी कसं घेऊ?"

"नको घेऊस."

"त्या आठवड्यात मंगळवारी चाल आलीच नाही, बुधवारी ही आली," ती एकेक शब्द सावकाश म्हणाली. "मला वाटलं चुकले असतील. बरं नाही म्हणून. मग गुरुवारी त्यांनी वाचवलं नाही. शुक्रवारी पण नाही." तिने वर पाहिलं. "मंगळवारी गेले ना?"

"निहिरा!" दारातून अभी ओरडला. "अक्का, तू शब्द दिला होतास!"

"मी काय सांगितलं तिला? पोर शिकलीय खेळायला. तूच शिकवायला घातलीस."

"हो, बाळ," मी निहिराला म्हणाले. "मंगळवारी गेले."

तिने मान हलवली, चालीचं उत्तर बरोबर आल्यावर हलवायची तशी. "मी रडलो नाही," ती म्हणाली. "रडलं की रात्री तेच येतं, आणि पट्टी पिवळी होते. मग पप्पांना कळलं असतं मला कळलंय म्हणून. मी झोपायच्या आधी नुसते धडे म्हणायचो. एकामागून एक. म्हणजे आण्णा यायला नको."

बाप पोरीपासून मरण लपवत होता, आणि पोर बापापासून दुःख लपवत होती, आणि त्या दोघांच्या मध्ये कपाळावर तो हिरवा दिवा रोज सकाळी शाबासकी देत होता. इतकी छान कधीच नव्हती, म्हणे. आजोबाला झोपेतसुद्धा येऊ द्यायचं नाही म्हणून एवढी पोर रात्र रात्र दारावर बसली होती, आणि अभी आणि अकादमीच्या बाई, हे दोघे शहाणे, तिचे धडे मोजत होते.

अभी भिंतीला टेकला होता.

"आत्या, हात लावला की चाल करायची, परत घ्यायची नाही, असं आण्णा म्हणतात," निहिरा म्हणाली. "पण ह्या चाली आण्णांच्या नाहीत. ह्या परत घेतल्या तर चालतील?"

"चालतील."

मग तिने त्या घरात वर्षभर कमावलेली ती भयंकर स्मरणशक्ती वापरली. न अडखळता, न विचार करता, यंत्राची एकेक चाल मागे घेतली. आपली मागे, त्याची मागे. दोऱ्याचं प्यादं उंटाच्या आणि घोड्याच्या आडोशाला, होतं तिथे परत गेलं. "इथपर्यंत आण्णा," ती म्हणाली. "आता तू त्यांचं खेळ."

दवाखान्याच्या आवारात मी नाही म्हणाले होते. इथे हो म्हणाले. इथे कोणी कोणाला फसवत नव्हतं.

मी आण्णांचा हत्ती सरकवला. तिने राजा हलवला. दोन चालींत माझ्या लक्षात आलं ती काय करतेय ते. तिच्या राजाला सुटायला मोकळी जागा होती. ती सोडून ती त्याला चालवत, एकेक घर, कोपऱ्याकडे आणत होती, जिथे आण्णांचे उंट आणि हत्ती कधीपासून दबा धरून बसले होते आणि फक्त एका प्याद्याची वाट होती.

अभीला तेवढा खेळ कळत नव्हता, पण राजा कोपऱ्यात जातोय हे कोणालाही दिसतं. "अगं, हरशील!" तो न राहवून म्हणाला.

"हो, पप्पा," ती म्हणाली.

मी दोऱ्याचं प्यादं उचललं. बोटांना तो दोरा लागला, माझ्याच डब्यातला. एक घर पुढे ठेवलं. शह. आणि मात.

निहिराने आपला राजा आडवा केला. उभी राहिली, पटावरून हात पुढे केला, तो माझ्या हातात दिला, खेळाडू देतात तसा. आणि मग तो हात सोडलाच नाही. मग "आण्णा!" म्हणून तिने जी किंकाळी फोडली, ती त्या पांढऱ्या भिंतींनी आजवर ऐकली नसेल. सोंगट्या घरभर उडाल्या. मी तिला कुशीत घेतलं. ती हुंदके देत विचारत होती, त्यांना दुखलं का, ते माझं नाव काढत होते का, आणि ती म्हैस, अंकलीला सापडली ती, मग ती परत आणली कशी, ते राहिलंच सांगायचं.

"पल्लवी, तिला आवर," अभी कसनुसा म्हणाला. "आठवड्यावर स्पर्धा..."

स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज आला. डब्याचं झाकण निघालं. मग गरम तेलात मोहरी तडतडली, पाठोपाठ लसूण आणि सुकी मिरची, आणि तो खमंग, झणझणीत वास त्या मेल्या हवेत घुसून घरभर झाला. अभीला ठसका लागला. निहिराला लागला. ती रडतही होती आणि खोकतही होती, नाक लाल, डोळ्यांतून धारा. पल्लवी दारात आली, हातात झारा, आणि मला म्हणाली, "अक्का, जेवून जायचं. आमटीला फोडणी दिलीय."

निहिरा स्पर्धेला गेली नाही. तिची पट्टी मी कचऱ्यात टाकली, अभीने ती काढून पुसून कपाटात ठेवली आहे, हे मला ठाऊक आहे. तो अजून माझ्याशी नीट बोलत नाही, आणि मलाही त्याची घाई नाही. निहिरा रविवारी येते. म्हशीची गोष्ट मला पुरती येत नाही, त्यामुळे आम्ही दोघी मिळून ती रचतो.

परवा एका पालकांचा फोन आला. 'मुरब्बी'चेच, चांगले शिकलेले गृहस्थ. निहिराचं ऐकून वाईट वाटलं म्हणाले. तुमचे वडील गेले त्याचंही वाईट वाटलं म्हणाले. मग घसा खाकरला.

"मॅडम, एक विचारायचं होतं. असं काही घडल्यावर मुलांचा दिवा परत हिरवा व्हायला साधारण किती दिवस लागतात? म्हणजे आमची आई जरा आजारी आहे. मार्चमध्ये मुलाची निवड चाचणी आहे. आधीच अंदाज असलेला बरा. आणि तुमच्याकडे आठवड्यातून किती वेळा असतं?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"एकदाच असतं, रविवारी," मी म्हणाले. "मुलाला घेऊन या. आणि येताना त्याच्या आजीलाही घेऊन या."

पलीकडून फोन कट झाला.